सागरसफरीतील ‘आपण’ आणि ‘आम्ही’ : कौटुंबिक सहवास व विलगता यांचा भाषिक विचार

१. प्रश्नाचे स्वरूप

कुटुंबाने एकत्र राहावे ही अपेक्षा सर्वत्र आढळते. परंतु एकत्र राहणे म्हणजे नेमके काय, याचे उत्तर प्रत्येक कुटुंब आपापल्या रीतीने देत असते. नित्याच्या जीवनात हे उत्तर उघडपणे द्यावे लागत नाही. शाळा, कचेरी, बाजारहाट या गोष्टी माणसांना दिवसभर एकमेकांपासून दूर ठेवतात आणि संध्याकाळ त्यांना पुन्हा एका छपराखाली आणते. दूर जाण्यासाठी कोणाला परवानगी मागावी लागत नाही. काम हेच त्याचे कारण असते. सुटीत हे कारण नाहीसे होते. ‘मला तासभर एकटे बसायचे आहे’ हे वाक्य घरात सहसा उच्चारावे लागत नाही. सुटीत ते उच्चारावे लागते, आणि ऐकणाऱ्याला त्यात दुराव्याची शंका येऊ शकते. सहवासासाठीच तर सुटी घेतली. मग त्यातून वेगळे होण्याची इच्छा कशी सांगावी, असा हा पेच आहे.

या पेचाचे सर्वांत रेखीव रूप सागरसफरीत, म्हणजे ज्याला सर्वसामान्यपणे ‘क्रूझ’ म्हटले जाते त्या पर्यटनात, पाहावयास मिळते. एकीकडे साधारण केबिन १५ ते २० चौरस मीटरच्या आसपास असते आणि तीत तीन-चार माणसे आठवडाभर झोपतात, कपडे बदलतात, आजारी पडतात. दुसरीकडे केबिनबाहेर एक अख्खे शहर तरंगत असते. जानेवारी २०२४ मध्ये प्रवासाला लागलेल्या ‘आयकॉन ऑफ द सीज’ या जहाजाची लांबी ३६५ मीटर असून त्याला २० डेक आहेत, आणि एका केबिनमध्ये दोघे या हिशेबाने त्यावर ५,६१० प्रवासी मावतात. अशा जहाजावर एका कुटुंबातील माणसे दिवसभर एकमेकांच्या दृष्टीसही न पडणे सहज शक्य आहे. अतिनिकटता आणि पूर्ण विलगता ही दोन टोके येथे एका दारानेच विभागलेली असतात. त्यांच्यामधला मार्ग कुटुंबाला बोलून ठरवावा लागतो, आणि म्हणूनच हा विषय केवळ पर्यटनशास्त्राचा न राहता भाषाविचाराचाही होतो.

प्रस्तुत लेखात प्रथम जहाजावरील विभागणीचा इतिहास थोडक्यात दिला आहे. नंतर सहवास व विलगता व्यक्त करणाऱ्या भाषिक साधनांचा, विशेषतः मराठीतील ‘आपण’ व ‘आम्ही’ या भेदाचा, विचार केला आहे. आणि शेवटी निरनिराळ्या घडणीची कुटुंबे हा तोल कसा साधतात, व तो साधला की नाही हे कशावरून ओळखावे, याची चर्चा केली आहे.

२. वर्गाच्या भिंतींकडून वयाच्या भिंतींकडे

निव्वळ विहारासाठी जहाज काढण्याच्या कल्पनेचा आरंभ बहुधा जानेवारी १८९१ मधील ‘ऑगस्टा व्हिक्टोरिया’ या जर्मन जहाजाच्या भूमध्यसमुद्रातील सफरीपासून मानला जातो. हाम्बुर्ग-अमेरिका कंपनीचे आल्बेर्ट बालिन यांनी ती योजली. हिवाळ्यात अटलांटिकवरील प्रवासी कमी होत आणि मोठी जहाजे रिकामी पडून राहत. त्यांना काम देणे हा तिचा व्यावहारिक हेतू होता. तथापि यानंतरही दीर्घकाळ जहाज हे मुख्यतः वाहनच राहिले. त्या काळातील मोठ्या प्रवासी जहाजांवर माणसांची विभागणी होई ती वर्गानुसार. पहिल्या वर्गाचे जेवणघर, डेक आणि जिना हे सर्व वेगळे असे. पहिल्या वर्गातील मुलांच्या जेवणाच्या वेळा पुष्कळदा मोठ्यांपासून वेगळ्या ठेवलेल्या असत. परंतु हा त्या वर्गाच्या घरच्याच रीतीचा विस्तार होता. आईवडिलांनी मुलांसाठी ‘वेळ काढावा’ ही अपेक्षा त्या व्यवस्थेच्या मुळाशी नव्हती.

१९५८ साली अटलांटिक ओलांडणारी जेट विमानसेवा सुरू झाली आणि वाहन म्हणून जहाजाचे महत्त्व झपाट्याने घटले. १९६६ च्या डिसेंबरात ‘सनवर्ड’ हे जहाज मायामीहून कॅरिबियन बेटांच्या नियमित सफरी करू लागले. १९६८ साली रॉयल कॅरिबियन आणि १९७२ साली कार्निव्हल या कंपन्या स्थापन झाल्या. जहाज आता कोठे पोहोचविण्यासाठी नव्हते. जहाजावर असणे हाच प्रवासाचा हेतू झाला. गिऱ्हाईकही बदलले. मध्यमवर्गीय कुटुंबे येऊ लागली, वर्गाच्या भिंती पडल्या, आणि त्यांच्या जागी वयाच्या भिंती उभ्या राहिल्या. कार्निव्हलच्या जहाजांवर २ ते ११, १२ ते १४ आणि १५ ते १७ अशा वयोगटांसाठी निरनिराळी मंडळे असतात. म्हणजे घरी एका खोलीत वाढणारी अकरा आणि तेरा वर्षांची भावंडे जहाजावर पाऊल ठेवताच दोन वेगळ्या समाजांचे सभासद होतात.

१९९८ साली निघालेले ‘डिस्ने मॅजिक’ हे जहाज या दृष्टीने विशेष लक्षणीय आहे. त्याच्या रचनेतच मुलांचा भाग, प्रौढांचा भाग आणि सर्वांचा भाग अशी त्रिविध योजना होती. शिवाय तेथे कुटुंब रोज वेगळ्या जेवणघरात जाते. परंतु वाढपी तेच राहतात, ते कुटुंबाबरोबर एका जेवणघरातून दुसऱ्यात जातात. मुलाला कोणता पदार्थ आवडत नाही हे तिसऱ्या रात्री त्यांना सांगावे लागत नाही. दिवसभर विखुरलेल्या कुटुंबाला रात्री एका मेजाशी पुन्हा ‘हे कुटुंब’ म्हणून ओळखणारा एक साक्षीदार या योजनेने पुरविला. याच्या उलट दिशेने, २००० साली नॉर्वेजियन कंपनीने जेवणाची ठरलेली वेळ व ठरलेले मेज ही प्रथाच ऐच्छिक केली. तोपर्यंत संध्याकाळी सहाच्या सुमारास एक पंगत आणि साडेआठच्या सुमारास दुसरी, अशी रीत रूढ होती. वेळेचे हे बंधन सुटल्यामुळे मोकळीक वाढली, यात शंका नाही. परंतु पूर्वी जहाजाचा नियम जे काम परस्पर करीत असे, म्हणजे सर्वांना दिवसातून एकदा एका जागी आणणे, ते आता कुटुंबातील कोणातरी एकाला करावे लागू लागले. हे ‘कोणीतरी’ बहुतेक वेळा कोण असते, याचा विचार पुढे येईल.

वर्गाची भिंत अगदीच नाहीशी झाली असेही नाही. २००८ च्या ‘एमएससी फँटासिया’ या जहाजापासून त्या कंपनीने अधिक भाडे देणाऱ्यांसाठी जहाजातच एक वेगळे आवार राखण्यास आरंभ केला. त्याला स्वतःचे जेवणघर आणि स्वतःचा तलाव असतो व इतर प्रवाशांना तेथे प्रवेश नसतो. एकाच गोतावळ्यातील एका भावाने अशा आवारात राहावे आणि दुसऱ्याने खिडकीविना केबिनमध्ये, असे घडते तेव्हा सहवासाचा प्रश्न ऐपतीच्या प्रश्नाशी येऊन भिडतो. मोठा भाऊ धाकट्याकडे येऊ शकतो. धाकटा मात्र मोठ्याकडे जाऊ शकत नाही.

३. सहवासाचे व्याकरण

सहवास ही केवळ अंतराची गोष्ट नव्हे. एका बाकावर बसलेली दोन माणसे परस्परांस सर्वस्वी परकी असू शकतात, आणि डेकच्या दोन टोकांना उभे असलेले पतिपत्नी ‘बरोबर’ असू शकतात. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७१ च्या ‘रिलेशन्स इन पब्लिक’ या ग्रंथात सार्वजनिक जागी एकटे असणारे आणि सोबतीने असणारे असा भेद केला, आणि ‘बरोबर’ या अर्थाच्या इंग्रजी अव्ययालाच नाम बनवून सोबतीच्या गटाला ‘विथ’ अशी संज्ञा दिली. तलावाकाठच्या खुर्चीवर पसरलेला टॉवेल ही अशीच एक सोबतीची खूण होय. खुर्चीवर माणूस नसते, पण ‘ही जागा आमची आहे’ हे तो टॉवेल सांगत असतो. अनेक जहाजांवर ठरावीक वेळानंतर असे टॉवेल उचलले जातात, यावरून या खुणेची भाषा किती प्रभावी आहे हे ध्यानात येईल.

तथापि ‘आमची’ म्हणजे कोणाकोणाची, हे टॉवेल सांगू शकत नाही. ते काम सर्वनामाचे आहे, आणि सर्व भाषा ते सारख्याच काटेकोरपणे करीत नाहीत. इंग्रजीत प्रथमपुरुषी अनेकवचनाला एकच सर्वनाम आहे. हिंदीतही ‘हम’ हेच दोन्हीकडे चालते. ‘हम नाटक देखने जा रहे हैं’ असे मुलाने म्हटले, तर ऐकणाऱ्या आजीचा त्यात समावेश आहे की नाही हे केवळ शब्दांवरून कळत नाही. ज्या भाषांत श्रोत्याला धरून आणि श्रोत्याला वगळून अशी दोन वेगळी सर्वनामे असतात, त्यांतील या भेदाला अनुक्रमे समावेशक व व्यावर्तक अशा संज्ञा देता येतील. या भेदाची पहिली ठळक नोंद दोमिंगो दे सान्तो तोमास यांच्या १५६० मधील केचुआ भाषेच्या व्याकरणात सापडते. मराठीत हा भेद ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांनी दाखविला जातो. गुजराथीत ‘आपणे’ व ‘अमे’, तेलुगूत ‘मनमु’ व ‘मेमु’, तमिळमध्ये ‘नाम्’ व ‘नाङ्गळ्’ अशी जोडी आहे. शेजारच्या द्राविडी भाषांशी असलेल्या संपर्काशी मराठीतील या भेदाचा संबंध अभ्यासकांनी जोडला आहे.

या भेदामुळे मराठी बोलणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्याला वगळण्याचे एक सरळ आणि सभ्य साधन मिळते. ‘आपण आठ वाजता जेवायला जाऊ’ आणि ‘आम्ही जरा वर फिरून येतो’ ही दोन वाक्ये मिळून एका संध्याकाळची संपूर्ण व्यवस्था सांगतात. दुसऱ्या वाक्यात श्रोता वगळला गेला आहे, हे उघड आहे. तरी त्यात अपमान नाही, कारण वगळणे हे येथे भाषेचेच काम आहे, बोलणाऱ्याच्या मनातील दुजाभावाचे नव्हे. शिवाय त्या वाक्यातील ‘येतो’ हे क्रियापद विचारात घेण्यासारखे आहे. मराठी माणूस निरोप घेताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जाण्याच्या क्षणीच परत येण्याचे वचन देण्याचा हा संकेत विलगतेचा सर्वांत महत्त्वाचा नियम एका शब्दात सांगतो : परतीची खूण बांधलेली असेल, तर दूर जाणे सुसह्य होते.

परंतु हेच साधन दुधारी आहे. ‘आपण’ या सर्वनामाचा एक उपयोग असा आहे की, बोलणारा स्वतः त्या कामात भाग घेणार नसतानाही श्रोत्याला सौम्यपणे काम सांगण्यासाठी तो ‘आपण’ वापरतो. रुग्णालयातील परिचारिका ‘आता आपण औषध घेऊ या’ असे म्हणते, तेव्हा औषध एकटा रुग्णच घेणार असतो. कुटुंबातही ‘आज बाळाला आपण लवकर झोपवू या’ असे मुलगा आईला म्हणतो, आणि प्रत्यक्षात झोपविणारी एकटी आई असते. मुलगा व सून तोपर्यंत नाट्यगृहात पोहोचलेली असतात. व्याकरणदृष्ट्या हे वाक्य समावेशक आहे, व्यवहारदृष्ट्या मात्र ती एकाची नेमणूक आहे. ‘आपण’ म्हणण्यापूर्वी ज्याला त्यात धरले जात आहे त्याला विचारले होते काय, हा प्रश्न म्हणूनच सहवासाच्या नीतीचा पहिला प्रश्न ठरतो.

विलगतेचे शब्दही असेच बारकाईने पाहावयास हवेत. ‘एकांत’ माणूस शोधतो. ‘एकटेपणा’ त्याच्या वाट्याला येतो. ‘मोकळीक’ त्याला कोणीतरी देतो. ‘सुनेला सगळी मोकळीक आहे’ असे वाक्य सहज ऐकू येते. ‘सासऱ्यांना सगळी मोकळीक आहे’ असे मात्र सहसा कोणी म्हणत नाही, कारण ती देणारा त्यांच्यावर कोणी नसतो असे गृहीत असते. ज्याच्या स्वतंत्र वेळेला ‘मोकळीक’ म्हणावे लागते त्याचा वेळ मुळात दुसऱ्याच्या मालकीचा मानला गेला आहे, हे या शब्दप्रयोगावरून दिसते. अलीकडे शहरी बोलण्यात ‘स्वतःसाठी वेळ’ हा शब्दसमूह रूढ झाला आहे. त्यात देणारा कोणी नाही, ही त्याची विशेषता होय.

४. कुटुंबांच्या घडणी आणि त्यांचे मार्ग

न्यूझीलंडमधील हाइके शेन्त्सेल यांनी २०१० साली वेलिंग्टनच्या व्हिक्टोरिया विद्यापीठाला सादर केलेल्या प्रबंधात सुटीतील ‘कुटुंबाचा वेळ’ आणि ‘स्वतःचा वेळ’ असा भेद मांडला. आई, वडील आणि मुले या तिन्ही बाजूंचे म्हणणे त्यांनी एकत्र विचारात घेतले, हे त्या कामाचे महत्त्व. तत्पूर्वी २००१ साली सुझन शॉ आणि डॉन डॉसन यांनी दाखविले होते की, आईवडिलांच्या दृष्टीने कौटुंबिक विरंगुळा हा सहेतुक असतो. कुटुंब बांधले जावे, मुलांवर काही मूल्ये ठसावीत, असा हेतू त्यामागे असतो. म्हणजे मुलांचा जो खेळ, तो मोठ्यांच्या दृष्टीने कर्तव्याचाही भाग असतो. हे ध्यानात घेतले म्हणजे निरनिराळ्या कुटुंबांची ओढाताण समजण्यास मदत होते.

लहान मुले असलेल्या कुटुंबात सहवास उदंड असतो. तुटवडा असतो तो विलगतेचा. तीन वर्षांखालील किंवा शौचाची सवय न लागलेल्या मुलाला अनेक जहाजांवरील नेहमीच्या बालमंडळात घेत नाहीत. त्यांच्यासाठी पाळणाघर असल्यास त्याचे वेगळे शुल्क असते. रात्री आठ वाजता मूल झोपले की आईवडीलही केबिनमध्ये अडकतात. बाल्कनी असलेल्या केबिनला अशी कुटुंबे जे अधिक मोल देतात त्याचे कारण समुद्राचे दर्शन एवढेच नाही. दिवा मालवल्यावर दोघांना हळू आवाजात बोलता येईल अशी ती एक दुसरी खोली असते. अन्य मार्ग पाळीचा : एक दिवस सकाळ आईची, एक दिवस वडिलांची. ही पाळी आधी ठरली असेल तर निभते. ती रोज नव्याने मागावी लागली, तर मागणारा ऋणी होतो.

किशोरवयीन मुलांच्या बाबतीत प्रश्न उलटा होतो. जहाज हे बंदिस्त आणि देखरेखीखालचे शहर असल्यामुळे जी मोकळीक घरच्या गावात मिळत नाही ती त्यांना येथे मिळते. आईवडिलांना सहवास हवा असतो; मुलांना समवयस्क. समुद्रावर दूरध्वनी महाग असल्यामुळे केबिनच्या दारावर किंवा आरशाजवळ चिठ्ठी लावून ठेवण्याची रीत पुष्कळ कुटुंबांत होती. आता अनेक जहाजांच्या अंतर्गत ॲपवरून निरोप धाडता येतात. या दोन साधनांत फरक आहे. चिठ्ठी सांगते : ‘मी अमुक ठिकाणी आहे, सहा वाजता येतो.’ ती लिहिणाऱ्याच्या स्वाधीन असते. ॲपवरील निरोप बहुधा प्रश्न असतो : ‘कुठे आहेस?’ चिठ्ठीने परतीचे वचन दिले जाई. ॲपने हजेरी घेतली जाते. ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा असलेली कुटुंबे मुलांना प्रश्न कमी विचारतात, आणि त्यामुळेच त्यांना उत्तरे अधिक मिळतात.

एकट्या पालकाचे कुटुंब या चर्चेत बहुधा विसरले जाते. क्रूझचे भाडे एका केबिनमध्ये दोन माणसे या हिशेबाने आकारले जाते. त्यामुळे एक प्रौढ व एक मूल असे कुटुंब बहुधा दोन प्रौढांइतकेच भाडे भरते, परंतु पाळी घेणारा दुसरा प्रौढ त्याला मिळत नाही. अशा पालकाच्या दृष्टीने बालमंडळ ही चैन नसून पाळीतील दुसरी व्यक्ती असते. मूल तेथे रमले नाही, तर त्या पालकाच्या स्वतंत्र वेळेचा प्रश्नच संपतो.

तीन पिढ्यांचे कुटुंब हे सर्वांत गुंतागुंतीचे. येथे पैसा पुष्कळदा आजी-आजोबांनी घातलेला असतो, बेत मधल्या पिढीने आखलेला असतो, आणि वेळापत्रक नातवंडे ठरवितात. ज्येष्ठांची चाल मंद असते. बंदरावर उतरण्याच्या दिवशी त्यांना मागे राहावे लागते किंवा इतरांना थांबावे लागते. कोणाला ‘बोट लागली’, तर त्याच्या सोबतीला कोणी थांबायचे हा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी वर उल्लेखिलेला ‘आपण’ कामास लावला जातो. आजीला नातवाचा सहवास हवा असतो हे खरे. परंतु तो सहवास आणि राखण यांतील सीमारेषा कोणी आखून दिलेली नसते. तिने नकार द्यावा तर तो नातवालाच नकार ठरतो. म्हणून जी कुटुंबे हा तोल नीट साधतात, ती जहाजावर चढण्यापूर्वीच दोन गोष्टी ठरवून टाकतात : कोणत्या संध्याकाळी मूल आजीकडे, आणि कोणत्या संध्याकाळी ते कोणत्याही परिस्थितीत आजीकडे नाही.

महाराष्ट्राच्या संदर्भात या प्रश्नाला वेगळी छटा येते. सप्टेंबर २०२१ मध्ये ‘कॉर्डेलिया’ या कंपनीने मुंबईहून सफरी सुरू केल्या. तिचे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली रॉयल कॅरिबियनसाठी, तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरी डोळ्यांपुढे ठेवून बांधलेले होते. मुंबई-गोवा अशा दोन-तीन रात्रींच्या सफरीत वेळ इतका थोडा असतो की वेगळे राहणे हा अपव्यय वाटतो. शिवाय हा प्रवास पुष्कळदा चार-पाच बिऱ्हाडे मिळून करतात, आणि त्यातील ‘आपण’ फार मोठा असतो. याच किनाऱ्यावरून विसाव्या शतकात भाऊच्या धक्क्यावरून कोकणातील बंदरे घेत गोव्याकडे आगबोटी जात असत. डेकवर वळकटी पसरून कुटुंब आपली जागा धरी आणि रात्रभर तिच्यावरच राही. तो वळकटीचा चौकोन म्हणजेच ‘आम्ही’. त्यात विलगतेला जागा नव्हती आणि तशी अपेक्षाही नव्हती. एका रात्रीच्या प्रवासाला ते पुरेसे होते. सात रात्रींच्या सफरीला ते पुरत नाही.

५. मेजावरची गोष्ट

ब्रॉनिस्लाव्ह मालिनोव्हस्की यांनी १९२३ साली दाखवून दिले की पुष्कळसे बोलणे माहिती देण्यासाठी नसतेच. ते केवळ संबंध राखण्यासाठी असते. कुटुंबातील संभाषणाचा मोठा भाग असाच असतो. परंतु केवळ त्यावर आठवडा काढता येत नाही. दिवसभर एकत्र असलेल्या माणसांजवळ रात्री एकमेकांना सांगण्यासारखे काही उरत नाही, कारण जे एकाने पाहिले ते सर्वांनीच पाहिलेले असते. मेजावरील शांतता ही अशा वेळी भांडणाची नसून बातमीच्या अभावाची असते. उलट, ज्याने दुपार एकट्याने घालविली त्याच्याजवळ गोष्ट असते : मुलाला मंडळात भेटलेला परदेशी मित्र, वडिलांनी पाहिलेले इंजिनकक्षाचे प्रदर्शन, आईने एकटीने डेकवर वाचलेली कादंबरी. विलगता अशा रीतीने सहवासाला खाद्य पुरविते.

एलिनॉर ओक्स आणि कॅरोलिन टेलर यांनी १९९५ साली अमेरिकन कुटुंबांच्या रात्रीच्या जेवणातील कथनांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात असे दिसले की मुलांना आपली गोष्ट सांगण्यास आई प्रवृत्त करते, आणि त्या गोष्टीवर अभिप्राय देण्याचा, तिच्यात उणे काढण्याचा अधिकार पुष्कळदा वडिलांकडे जातो. कथनातही काम आणि अधिकार यांची वाटणी असते, हा त्याचा आशय. क्रूझवरील मेजाला हे निरीक्षण लावून पाहता येते. सर्वांना वेळेवर मेजाशी आणणारी आणि सर्वांना बोलते करणारी व्यक्ती बहुधा एकच असते. तिच्या स्वतःच्या दिवसाची चौकशी मात्र कोणी करीलच असे नसते.

यावरून तोल मोजण्याची एक कसोटी सुचते. एकत्र किती तास आणि वेगळे किती तास, ही मोजणी फारशी उपयोगी नाही. एका कुटुंबाला दोन तास पुरतात, दुसऱ्याला आठही कमी पडतात. त्यापेक्षा रात्रीच्या मेजावर प्रत्येकाजवळ स्वतःची अशी एक गोष्ट आहे काय, हे पाहावे. ‘तुम्ही आज काय केलंत?’ या प्रश्नाला आजीचे उत्तर रोज ‘काही नाही, बाळ झोपलं होतं’ एवढेच असेल, तर त्या कुटुंबाचा सहवास कितीही आनंदी दिसला, तरी त्याचे मोल एकटी आजी भरीत आहे असे समजावे. त्याचप्रमाणे ज्या मुलाजवळ गोष्टी आहेत पण तो त्या मेजावर आणत नाही, त्याच्या बाबतीत विलगता ही परतीच्या खुणेवाचून राहिली आहे. पहिल्या ठिकाणी स्वतंत्र वेळ कमी पडला आहे, दुसऱ्या ठिकाणी ऐकणारा कमी पडला आहे.

६. समारोप

या विवेचनाचे सार असे की, सागरसफरीवरील कुटुंबाचा तोल दोन गोष्टींवर अवलंबून असतो. एक, ‘आपण’ म्हणताना त्यात धरलेल्या प्रत्येकाची संमती. दुसरी, ‘आम्ही’ किंवा ‘मी’ म्हणून दूर जाताना दिलेली परतीची खूण. जहाजाची रचना, जेवणाच्या पंगती, वयाची मंडळे ही सर्व साधने या दोन गोष्टी सुकर किंवा अवघड करतात; त्यांची जागा मात्र घेऊ शकत नाहीत.

मराठीपुरते पाहता येथे एक व्युत्पत्तीही ध्यानात घेण्यासारखी आहे. ‘आपण’ हा शब्द संस्कृत ‘आत्मन्’पासून प्राकृतातील ‘अप्प-’ या रूपांद्वारे आलेला आहे. ‘आपण आपले काम करावे’ या वाक्यात त्याचा अर्थ ‘स्वतः’ असाच आहे. ‘आपण सारे जाऊ’ यात तो श्रोत्यासह सर्वांना कवेत घेतो. आणि ‘आपण बसावे’ यात तो समोरच्याला मान देतो. स्वतः, सर्वजण आणि आदरणीय दुसरा हे तिन्ही अर्थ या एका शब्दाने धारण केले आहेत. त्यांपैकी कोणता अर्थ केव्हा बोलला जातो आणि कोणता ऐकला जातो, याची नोंद प्रवासातील प्रत्यक्ष संभाषणांवरून घेतली, तर कुटुंबाच्या अंतर्गत व्यवस्थेवर तिचा पुष्कळ प्रकाश पडेल. बेत आखतानाचे, निघतानाचे आणि जेवतानाचे संभाषण असे तीन प्रसंग निवडून, त्यांतील प्रत्येक ‘आपण’मध्ये वक्ता कोणाला धरतो व काम अखेर कोणाच्या वाट्याला येते, एवढी जरी मांडणी पदव्युत्तर अभ्यासकांनी केली, तरी या विषयाचा पाया घातला जाईल.